बांधावरचा अर्धा आंबा

गोधडी पिळायला माणसं दोन लागतात. त्या सकाळी आपण हौदापाशी तेच करत होतो. तू त्या टोकाला, मी ह्या टोकाला, आणि मधी ती ओली जड गोधडी. तू पीळ घालायचीस आणि मी तुझ्या पिळाबरोबरच फिरायचो, म्हणजे पाणी काही निघायचं नाही. तू थांबलीस. पदरानं तोंड पुसलंस.

"अवं, उलट फिरवा. जलमभर माझ्या उलट चाललायसा, आन् पिळायच्या टायमाला तेवढं सुलट."

मी उलट फिरवलं. पाणी पायांवर पडलं. तारेवर टाकताना तू तुझी बाजू ओढून सरळ केलीस, मग माझीही केलीस, कारण माझं काम तुला कधी पटलं नाही. मग म्हणालीस, जरा पडते. दिवसा पडणारी बाई तू नव्हेस, हे तेव्हाच ध्यानात यायला पाहिजे होतं, असं आता सगळे मला सांगतात. मला वाटलं, रागानं पडलीस. कारण गोधडी पिळायच्या आधी आपलं चांगलंच वाजलं होतं.

मी उसाचं पाणी दुसऱ्या सरीला मोडून आलो तर तू भिंतीकडं तोंड करून निजलेली. मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "बरं, मशीनचं पुढल्या साली बघू." माझ्यासारख्या माणसाला एवढं बोलायलाही बांधावरून घरापर्यंत चालावं लागलं होतं. तू काही बोलली नाहीस. मी परत म्हणालो, जरा मोठ्यानं. मग आत आलो.

हौसा, मी मेलेल्या माणसाशी तडजोड करत होतो.

डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या, बराच वेळ झाला असंल. म्हणजे ते वाक्य तू ऐकलं नाहीस. ते घरातच कुठंतरी राहिलंय. मी उंबऱ्यात पाय ठेवला की ते तिथं असतं. "पुढल्या साली बघू." पाव्हणेरावळे आत-बाहेर करतात, आपली पोर सुनीता चहा घेऊन येते, कुणाला ते ऐकू येत नाही. मला येतं. म्हणून बसून लिहितोय. चौथी शिकलेल्या माणसानं लिहायचं तसं लिहितोय.

भांडण तुला सांगायची गरज नाही. तरी सांगतो, कारण माझी बाजू तू कधी शेवटपर्यंत ऐकून घेतली नाहीस. आता मधी बोलता येणार नाही तुला.

आपल्या आणि दिलीपच्या रानामधला तो बांध. थोरला भाऊ गेल्यापासून त्याचं रान हा त्याचा पोरगाच बघतो. बांधावर कालव्याच्या फाट्यापासून भैरोबाच्या राईपर्यंत झाडांची ओळ. करंज, मग चिंच, मग आंबा, मग नांद्रुक, पुढं उंबर. त्यांच्या सावलीला ऊस काडीसारखा राहतो. ऊसतोडवाले वेळेवर येत नाहीत, आले तर आपल्या कोपऱ्यातल्या रानात शिरायला नखरे करतात. तोवर उसाला तुरा येतो, आतनं पोकळ होतो. तोडणीचं मशीन आलं तर एका दिवसात रान मोकळं. पण मशीनला वळायला जागा पाहिजे, आणि ती जागा निघते त्या बांधावर. झाडं काढायची, बांध सपाट करायचा, दोघांचंही काम भागतं. दिलीपनं विचारलं, मी हो म्हणालो. तुझ्यादेखत म्हणालो, चोरून नाही. त्यात माझं काय वावगं होतं ते अजून मला कळलेलं नाही. शेतकऱ्यानं ऊस बघायचा का त्या झाडांवरची माकडं?

हे मी तुला इतक्या वेळा विचारलं की तू उत्तर द्यायची सोडूनच दिलीस. नुसती बघायचीस.

तू लोणी भापकरची. जिरायती गावात वाढलेली. लग्न होऊन आलीस त्या वर्षी माकडानं तुझ्या हातातली भाकरी ओढून नेली, तर तू चुलीपाशी बसून रडली होतीस, हितं कशाला दिलं मला म्हणून. त्याच तुला पुढं सगळी माकडं नावानिशी ओळखू यायला लागली. काळ्या तोंडाची वानरं नव्हेत ती. ही तांबूस तोंडाची, लांब शेपटीची, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. एका गालफड लोंबणाऱ्या म्हातारीला तू आत्याबाई नाव ठेवलंस, आणि माझी आत्या तेव्हा जिती होती. ती घरी आली की तू बांधाकडं बघून हसायचीस आणि मला खोकला काढायला लागायचा.

पण एक सांगतो. लोकांना वाटतं, माकडांची माया म्हणजे केळी-बिस्किटं टाकणं. शनिवारी रस्त्याकडंला गाड्या थांबवून टाकतातच की. तू एक घास कधी टाकला नाहीस. आपल्या शेंगांत शिरली की डबा बडवत धावायचीस, "मुडद्यानो, तुमचं वाटुळं हुईल" म्हणत. तुझी माया नुसती डोळ्यांची होती. तू फक्त बघायचीस. मला कधी कधी त्याचा राग यायचा. एवढं तू मला कधी बघितलं नाहीस, असं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण आता कुणापासून लपवू.

मग ती पुण्याची पोरगी यायला लागली, माकडांचा अभ्यास करणारी. दुर्बीण घेऊन दिवसदिवस बांधावर बसायची. तू तिला भाकरी दिलीस, तिनं तुला माहिती दिली. ती म्हणाली, काकी, हे माकड फक्त आपल्या दक्षिण मुलखातलं, जगाच्या पाठीवर दुसरीकडं कुठं नाही, आणि ते कमी कमी होत चाललंय. आधी रान सलग होतं, रस्त्यांना वड होते. आता जागा उरली ती तुकड्यातुकड्यांत. तुमच्या राईत एक कळप, फाट्यावरच्या झाडांत दुसरा. आपल्याला वाटायचं, माकडं म्हणजे माकडं, सगळी एकच. रस्ता रुंद झाला, वड गेले, माळ फोडून आपण सगळ्यांनी ऊस केला, तेव्हा कुठं दिसलं की हे दोन पुंजके आहेत आणि मधी आपला बांध सोडून काही नाही.

ती म्हणाली, माद्या जन्मभर आपल्याच कळपात राहतात. नर वयात आला की घर सोडून दुसऱ्या कळपात जातो. त्याला वाटच नसली तर घरातल्या घरातच पिलं होतात, आणि असा कळप हळूहळू खचतो.

मी म्हणालो, "म्हंजी ह्यांच्यात पोरगा नांदाय जातो म्हणा की."

तू तिच्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं. "बरं हाय. तुमालाबी धाडाय पाहिजे हुतं. कळलं असतं नांदणं काय असतंय."

ती पोरगी एवढी हसली की दुर्बीण खाली पडली. पण तुला ते बोलणं लागलं. तुझं हसणं झालं आणि तू बांधाकडं बघत बसलीस. संध्याकाळी म्हणालीस, ही सोयरिकीची वाट हाय. एवढंच. त्या दिवसापासून ती झाडं माझ्या हातातून गेली.

राईतला एक नर वयात येत होता. त्याला तू जावई म्हणायचीस. नांद्रुकावरनं तो आंब्यावर यायचा. तो आंबा भिरूड कीड लागून निम्मा वाळलेला. आपल्या अंगाला अजून कैऱ्या धरायचा, आंबटढाण. दिलीपच्या अंगाची बाजू वाळून खडखडीत. एकच लांब वाळकी फांदी चिंचेपर्यंत गेलेली. जावई त्या फांदीवर बसायचा, फाट्याकडं बघायचा, माघारी जायचा. तू मला ओढून दाखवायचीस. "लाजतोय बघा. तुमी आला हुता तसाच. माझ्या बानं तीनदा आत बोलावल्याव आत आला." पुढं तो चिंचेवर जायला लागला, मग करंजावर. फाट्यावरचा कळप त्याला हुसकावून लावायचा. तो परत जायचा. तू म्हणायचीस, घेतील, पंगतीला बसवायला वेळ लागतो.

मी म्हणायचो, खाली उतरून जाऊ दे की त्याला, पाय आहेत. तू म्हणायचीस, खाली कुत्री. मी म्हणायचो, मग तारेवरनं जाऊ दे. हे मी नको म्हणायला पाहिजे होतं. कारण बांधाच्या कडेनं विजेच्या डीपीकडं जाणाऱ्या त्या तारेला आधी एक नर चिकटून मेला होता आणि तो तू बघितला होतास. खाली काढेपर्यंत तू तिथनं हलली नाहीस.

त्या माकडाचं गावानं केवढं केलं. तिरडी बांधली, गुलाल, बँड, पोरांनी डोकी भादरली. दहाव्याला पंगती उठल्या. आणि त्याच आठवड्यात मळ्यांकडच्या रस्त्याचे राहिलेले दोन वड गेले, खांदा देणाऱ्यांपैकीच दोघांनी काढले. तू पंगतीत आलीस, बसली नाहीस. बायकांच्या अंगाला उभं राहून गड्यांच्या पंगतीकडं तोंड करून म्हणालीस, "मेल्याव खांदा देताय. जित्याला फांदी द्या की." वाढपी थांबले. म्हातारे पत्रावळीत बघायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, वाढा रं आमटी. तू घरी गेलीस. मी जेवलो. बुंदी चांगली होती. घरी आल्यावर तू ताक प्यायला दिलंस आणि म्हणालीस, पोट भरलं का. त्याला तू भांडण म्हणायची नाहीस. मी म्हणतो.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. सुनीताच्या ऑपरेशनला तू तिच्या सासरी लोणी देवकरला गेली होतीस तेव्हाची. सकाळी मी बांधावर होतो. फाट्यावरच्या नरांनी जावयाला असा हाणला की तो चिंचेवरनं खाली आला, दिलीपच्या मोकळ्या रानात. वस्तीवरची कुत्री सुटली. मी काय केलं माहीत आहे? पायातलं एक पायताण तिथंच राहिलं, आणि मी काठी घेऊन ढेकळातनं धावलो, ह्या गुडघ्यांनी. कुत्र्यांना मारलं, शिव्या दिल्या, तो परत बुंध्याला लागेपर्यंत तिथं उभा राहिलो. तो वर चढला आणि माझ्याकडं दात काढून ओरडला. उपकार नाही काही नाही. मी इकडं-तिकडं बघितलं, कुणी बघितलं नाही ना. तू फोनवर विचारलंस, जावई दिसला का. मी म्हणालो, मला काय तेवढंच काम हाय का?

हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस. मग झाडांचा विषय मिटला असता. आणि तो मिटला असता तर रोज संध्याकाळी ओट्यावर आपण बोललो असतो काय? सुनीता तिच्या घरी सुखात. म्हैस एकच. त्या झाडांवर आपलं घर चाललं होतं, हौसा, बोलण्याच्या हिशेबानं. मला ते तेव्हाही माहीत होतं.

आता तुझ्या सरणाचं सांगतो. ते तू बघितलं नाहीस. बघितलं असलंस तर मला माहीत नाही.

बायकांनी तुला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. सवाशीण गेली, नशिबाची म्हणाल्या. येणारी प्रत्येक बाई तेच म्हणाली. कुणाच्या नशिबाची, ते मला कुणी विचारलं नाही. मी ओट्यावर खांबाला टेकून बसलो होतो. दिलीप आला. त्याची आई तो लहान असताना गेली, तुझ्याच ताटात जेवून मोठा झालेला तो. डोळे सुजलेले. माझ्यापुढं उकिडवा बसला.

"तात्या, लाकूड घरचंच घिऊ नव्हं? काकीला वखारीचं नगं."

मी म्हणालो, "घरचंच घ्या."

आपल्यातली रीतच ती. ज्या माणसानं रानात जन्म घालवला त्याला रानातलंच लाकूड. विकतचं आणलं तर लोक नावं ठेवतात, दोन झाडं नव्हती का म्हणतात. मी हो म्हणालो आणि परत तुझ्या दाराकडं बघत बसलो. थोड्या वेळानं कटरचा आवाज आला. मी ऐकला. मला वाटलं, ओढ्याच्या बाभळी. आवाज ओढ्याकडनं येत नव्हता, हे माझ्या कानाला कळलं होतं, पण कान तेवढं सांगायला डोक्यापर्यंत गेला नाही. त्या दिवशी माझं काहीच कुठंपर्यंत जात नव्हतं.

तुला घेऊन आम्ही बांधानंच ओढ्याला गेलो. मी पुढं मडकं धरून, खाली बघत. मागं कुणीतरी म्हणालं, बघा, माकडंबी आली. राईतला सगळा कळप नांद्रुकावर आणि उंबरावर बसलेला. एरवी माणसं दिसली की किचकिच करणारी ती, एकाचा आवाज नाही. आत्याबाई पिलाला पोटाशी धरून. बायांनी मागनं हात जोडले. एक म्हातारी रडायला लागली, मुकं जनावर पोचवाय आलं म्हणून. सगळ्यांनी ती गोष्ट घरी नेली. आता गावात तीच सांगतात, चार गावं पुढं गेली असेल. येणारा प्रत्येकजण मला विचारतो, खरं का तात्या. मी मान हलवतो.

सरणापाशी मी मडकं खाली ठेवलं आणि लाकडं बघितली. सालीवर भिरुडाची भोकं. मी हात लावून बघितला.

"ह्यो आंबा."

"व्हय तात्या," दिलीप म्हणाला. "निम्मा वाळल्याला हुताच, चांगला जळंल. काकी सारखी त्याच्याच बुडाला बसायची. म्हणलं, तिचाच घालावा."

त्यानं नाक पुसलं. त्यात लबाडी नव्हती ग. मशीनचा विचारही त्याच्या डोक्यात नसेल, मी त्याला ओळखतो. त्यानं मायेनंच केलं. वाईट हेतूनं कुणी केलं असतं तर मी तिथंच धरला असता त्याला, जरा बरं वाटलं असतं. मायेनं केलेल्याला काय करायचं?

मी अग्नी दिला. ती लांब वाळकी फांदी तोडून त्यांनी वर घातली होती, तुझ्या छातीवर. तिनंच सगळ्यात आधी पेट घेतला. लोक म्हणाले, चांगलं पेटलं, पुण्यवान बाई. मी उभा होतो आणि मला समजलं माकडं गप्प का होती. ती तुला पोचवायला आली नव्हती. ती झाड बघायला आली होती. जिथं आंबा होता तिथं आभाळ होतं, आणि ती त्या आभाळाकडं बघत बसली होती. आम्ही मधनं गेलो एवढंच.

आता तो धूर माझ्या अंगाला आहे. अंघोळ केली, सुनीतानं कापडं धुतली, तरी आहे. उसाचं पान वाजलं की मी मान वळवतो. तू उसातनं अशीच यायचीस, आधी पानांचा आवाज आणि मग तू, डोक्यावर काहीतरी. आता नुसता पानांचा आवाज येतो. मग थांबतो. मग कुणीच येत नाही. एकदा मी म्हणालोसुद्धा, ये की. सुनीता बाहेर आली, कुणाला बोलताय आबा. मी म्हणालो, कुत्र्याला.

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचं लिहितो, कारण ते तुला सांगायला पाहिजे.

तांबडं फुटल्यावर उठलो. सुनीता म्हणाली, आबा, सुतकात रानात जात नसतात. मी गेलो. बांधावर आंब्याचा हिरवा निम्मा तसाच आडवा पडला होता, पानं अजून ताजी. जावई नांद्रुकाच्या शेवटच्या फांदीवर होता. ती फांदी त्याच्या वजनानं वाकलेली. त्यानं एक हात पुढं केला, जिथं आंब्याचा फोक असायचा तिथं. हात हवेतच धरून ठेवला. मग मागं घेतला, वास घेतला, परत पुढं केला. त्याला रोज तिथं काहीतरी सापडत होतं, आणि आता सापडत नव्हतं. मी त्याच्याकडं बघत होतो आणि मला माझंच काहीतरी बघितल्यासारखं झालं.

मग त्यानं मान वळवून तारेकडं बघितलं.

मी ढेकूळ उचलून मारलं. तो हलला नाही. दुसरं मारलं. तो तारेच्या अंगाला सरकला. आणि माझ्या तोंडातनं, हौसा, तुझा आवाज निघाला. "मुडद्या, मागं सर. मागं सर म्हणते." सर म्हणते. मी पुरुष माणूस.  तो मात्र थबकला. इकडं-तिकडं बघितलं त्यानं, तुला शोधल्यासारखं, आणि राईकडं पळाला.

मी दिलीपच्या वस्तीवर गेलो. तो डोकं धरून ओट्यावर बसला होता. म्हणालो, ट्रॉलीला बांधायचा जाड दोर घे आणि वायरमनला फोन लाव, लाइन बंद करायला सांग. 

"तात्या, सुतक हाय. काकीची राख अजून गरम हाय."

"म्हणूनच चल."

बांधावर आल्यावर त्याला दाखवावं लागलं नाही. तो जन्मापासून ती झाडं बघतोय, पण कधी वर बघून बघितली नव्हती. चिंच बघितली, नांद्रुक बघितला, मधली मोकळी जागा बघितली, तार बघितली. दोर हातातनं खाली पडला त्याच्या.

"मी काय क्येलं हो ह्ये."

मी म्हणालो, तू काकीला घरचं लाकूड दिलंस. ते खरंच होतं. आता वर चढ.

लाइन बंद झाल्यावर तो चिंचेवर चढला, मग उतरून नांद्रुकावर. पोट सुटलंय त्याचं, दोनदा घसरला, मी खालनं शिव्या घातल्या. त्यानं दोर असा ताणला की तारेपासून लांब, आपल्या अंगाला यावा. दुसरा दोर वर बांधला, हातानं धरायला. खाली आला तेव्हा हाताची सालटं निघालेली. दोर मधी लोंबत होता. मी तुला खोटं सांगणार नाही, चांगला दिसत नव्हता. आंब्याच्या जागी दोर म्हणजे दाताच्या जागी काडी. पुण्याच्या पोरीला विचारून नीट काहीतरी करता येईल. आंबा लावला तरी तो तिथंवर पोचेपर्यंत मी नसणार, दिलीपही म्हातारा झालेला असेल.

दिलीपनं हात धोतराला पुसले आणि विचारलं, "मशीनचं मग?"

विचारायलाच पाहिजे होतं त्यानं. त्याचंही पोट त्या रानावर आहे. उंबऱ्यातलं ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, पुढल्या साली बघू. मी ते गिळलं.

"बांधाला हात लावायचा न्हाय. ह्या साली न्हाय, पुढल्या साली न्हाय. मशीन माझ्या रानातनं घाल, रस्त्याकडनं. वळायला माझ्यातच जागा करू."

"तुमचा ऊस उभा हाय की. कवळा हाय अजून."

"मग मी कशाला हाय?"

 तो लाइन चालू करायला सांगायला गेला. मी एकटाच राहिलो. जावई परत आला होता, नांद्रुकाच्या आत, पानांत. त्यानं दोराला हात लावला, ओढून बघितला, वास घेतला. त्यावर आला नाही. बसून राहिला. मीही जास्त बघितलं नाही. बघायचं काम तुझं होतं, मला ते नीट येत नाही.

घरनं कोयता आणला आणि आपल्या उसात शिरलो, रस्त्याच्या कडेच्या सरीपासून. कवळा ऊस, पाण्यानं भरलेला, कोयत्याखाली काकडीसारखा तुटतो. तोडताना जिवावर येत होतं. तोडत गेलो. उभा ऊस मोडताना रस्त्यानं जाणारा एकजण थांबला, सुतकातला म्हातारा बघून काय म्हणावं ते त्याला सुचेना. नमस्कार करून गेला. माझं येडं झालंय, असं त्यानं गावात सांगितलं असेल. सांगू दे.

दम लागला तेव्हा थांबलो. म्हैस सकाळपासून ओरडत होती, कालपासून तिच्याकडं कुणाचं ध्यान नव्हतं. तिच्यासाठी शेंड्याकडच्या हिरव्या वाढ्याचा भारा बांधला. मोठा झाला. भारा डोक्यावर घ्यायला दुसरा माणूस लागतो. आपण एवढी वर्षं एकमेकांना भारे उचलून दिले, भांडण चालू असलं तरी दिले, तोंड दुसरीकडं करून दिले. मी भाऱ्यापाशी उभा राहिलो. दिलीपला हाक मारली असती तर तो आला असता. मारली नाही.

भारा ओढत ओढत बांधावर आणला. आंब्याचा बुंधा गुडघ्याच्या वर तोडलेला होता. त्यावर भारा चढवला. मग त्याच्यापुढं गुडघे टेकले, डोकं खाली घातलं, भाऱ्याखाली आणलं, आणि उठलो.